चुकांची रोजकीर्द

समजा, आजोबांच्या कीर्तनाची जुनी कॅसेट आपण संगणकावर उतरवून घेतली आहे. तिच्यातील खरखर कमी करणे, आवाजाची पातळी सारखी करणे ही कामे आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या ‘एजंट’कडे सोपवता येतात. एजंट म्हणजे केवळ उत्तरे देणारा नव्हे, तर स्वतःच आज्ञा देऊन दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून काम करवून घेणारा सहायक. थोड्या वेळाने तो कळवतो, ‘काम पूर्ण झाले.’ प्रत्यक्षात फाइल वाजवावी, तर आजोबांची पट्टी चढलेली आणि तासाभराचे कीर्तन पंचावन्न मिनिटांत आटोपलेले!

असे का व्हावे? संगणक ध्वनीचे दर सेकंदाला हजारो नमुने घेऊन ते साठवतो. सीडीसाठी हा वेग ४४,१०० आहे, तर चित्रफितींसाठी बहुधा ४८,००० वापरला जातो. पहिल्या वेगाने साठवलेले नमुने दुसऱ्या वेगाने वाजवले, की ध्वनी सुमारे दीड अर्धस्वराने वर सरकतो. ‘काळी एक’मधले गाणे ‘पांढरी दोन’ आणि ‘काळी दोन’ यांच्या अधेमधे लटकते. गंमत म्हणजे, सॉफ्टवेअरच्या दृष्टीने येथे काहीच बिघडलेले नसते. त्याने सांगितल्याप्रमाणे काम केलेले असते, म्हणून ते त्रुटीचा संदेशही देत नाही.

अशा मूक चुका पकडण्यासाठी एजंट आणि ध्वनि-सॉफ्टवेअर यांच्या मध्ये नोंद ठेवणारे एक साधन बसवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अँथ्रॉपिक’ने जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’सारख्या सामाईक संकेतांमुळे एजंटला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडणे सोपे झाले, तशी या नोंदींची गरजही वाढली. पेढीवरच्या रोजकीर्दीत प्रत्येक व्यवहार घडला त्या क्रमाने उतरवला जातो, तसेच हे साधन करते. आज्ञा कोणती, केव्हा व कोणत्या फाइलवर दिली, कामाआधी व कामानंतर नमुन्यांचा वेग, लांबी आणि आवाजाची कमाल पातळी किती होती, हे सारे ते टिपते. कीर्तनाच्या उदाहरणात आधीची लांबी साठ मिनिटे आणि नंतरची पंचावन्न, एवढ्या दोन आकड्यांवरून चोर सापडतो. डावी आणि उजवी बाजू परस्परविरुद्ध असताना एकत्र केल्यास त्या एकमेकींना पुसून टाकतात. ती चूकही ‘कमाल पातळी शून्य’ या नोंदीतून उघड होते.

मात्र ध्वनीच्या बाबतीत नोंद ठेवणे हेच एक नाजूक काम आहे. दर सेकंदाला ४८,००० नमुने आणि एका वेळी २५६ नमुन्यांचा घास असे गणित धरले, तर पुढचा घास तयार करण्यास सॉफ्टवेअरला जेमतेम ५.३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात ते डिस्कवर नोंद लिहीत बसले, तर आवाजात कटकट ऐकू येते. चूक टिपण्याच्या खटाटोपातच नवी चूक जन्माला येते. म्हणून नोंद आधी स्मृतीतील छोट्या चक्राकार कप्प्यात टाकली जाते आणि कार्यक्रमाचा दुसरा, निवांत भाग ती सावकाश डिस्कवर उतरवतो.

या साधनाची माहितीपुस्तिकाही तितकीच महत्त्वाची ठरते, कारण तिला वाचक दोन: माणूस आणि एजंट. ‘फाइल उघडता आली नाही’ एवढे लिहून भागत नाही. फाइल जागेवर नव्हती, परवानगी नव्हती, की तिचा प्रकारच ओळखता आला नाही, हे वेगळे सांगावे लागते. त्याहून मोलाची सूचना म्हणजे, तीच आज्ञा पुन्हा देणे सुरक्षित आहे काय? फाइल उघडण्याचा प्रयत्न दहा वेळा केला तरी बिघडत नाही. पण खरखर काढण्याची क्रिया दोनदा झाली, तर खरखरीबरोबर आवाजाचा पोतही खरवडला जातो. पहिली आज्ञा पार पडली की नाही हे एजंटला ठाऊक नसेल, तर नेमका हाच घोटाळा होतो.

आणखी दोन पथ्ये आहेत. एजंटला रोजकीर्द वाचता यावी, पण खोडता येऊ नये. फाइलच्या नावात कोणी एखादी आज्ञा दडवली असेल, तर ती नोंदीतला मजकूर म्हणूनच वाचली जावी, पाळली जाऊ नये.

शेवटचा मुद्दा खासगीपणाचा. मे २०२१ मध्ये ‘ऑडॅसिटी’ या मोफत ध्वनि-सॉफ्टवेअरमध्ये वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा वापरकर्त्यांनी एवढा विरोध केला की तो मागे घ्यावा लागला. वापरकर्त्याने संमती दिली तरच त्रुटीचा अहवाल पाठवायचा, असा मार्ग पुढे स्वीकारला गेला. फाइलच्या नावातही माणसांची नावे असतात, हे येथे विसरून चालणार नाही.

कॅसेट एकदा झिजली की ते कीर्तन पुन्हा मिळणार नाही. म्हणून एजंटच्या हाती मूळ फाइल न देता तिची प्रत द्यावी, काम झाल्यावर रोजकीर्द उघडून आधीचे व नंतरचे आकडे ताडून पाहावेत आणि मग एकदा ती फाइल स्वतः ऐकावी. आजोबांचा आवाज घरच्यांइतका कोणत्याही यंत्राला ओळखता येत नाही.