सातांचा डाव आणि तिघांचा डाव

मागच्या व्याख्यानात आपण संभाव्यता या कल्पनेबद्दल बोललो. त्यानंतर एका श्रोत्याने प्रश्न पाठवला. प्रश्न असा: दिवाळीत आम्ही सात जण तिर्रट खेळायला बसतो तेव्हा माझं ठीक चालतं. रात्र चढते, चौघं उठून जातात, तिघं उरतो, आणि मग मी हरायला लागतो. पानं तशीच येतात. याला नशीब म्हणायचं का?

नशीब म्हणू नये. सातांचा डाव आणि तिघांचा डाव हे दोन वेगळे खेळ आहेत, नियम तेच असले तरी. आज याच्याबद्दल बोलू. आपल्या परभणीकडे ज्याला तिर्रट म्हणतात तीच तीन पत्ती. पोकर वेगळा, पण हा मुद्दा दोघांनाही लागू आहे.

आधी थोडं गणित. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यातले १६,४४० हात नुसते सुटे, म्हणजे ना जोडी, ना कलर, ना सिक्वेन्स. चारातले जवळपास तीन हात असे फुसके असतात. ट्रेल फक्त ५२. ही माणसाला मिळणाऱ्या पानांची गोष्ट झाली, आणि ती बैठकीत किती जण आहेत यावर मुळीच अवलंबून नाही. म्हणून तर "पानं तशीच येतात" असं वाटतं, आणि ते खरंच आहे.

बदलतं ते दुसरंच काही. तुमच्या हातात एक एक्का आहे, बाकी दोन पानं साधी. समोर सहा जण असतील तर त्यांच्यापैकी कोणाकडेच एक्का नसण्याची शक्यता साधारण २४ टक्के. समोर दोघंच असतील तर तीच शक्यता ६७ टक्के. एक्का तोच, पण पहिल्या ठिकाणी तो चारांतल्या एका वेळीच एकटा असतो, दुसऱ्या ठिकाणी तीनांतल्या दोन वेळा.

आता असं विचारू: निम्म्या वेळी तरी आपला हात सगळ्यांत मोठा ठरावा, तर तो केवढा हवा? मी हिशेब मांडून पाहिला, स्थूलमानाने. सात जणांत राजांची जोडी लागते. चौघांत छक्कीची जोडी पुरते. तिघांत एक्का-राणी, जोडी नसली तरी. आणि दोघांत? राजा-दश्शी. सातांच्या डावात राजा-दश्शी आली तर आपण ती न बोलता टाकून देतो. दोघांच्या डावात तेच बरोबर मधलं पान आहे. एकच गोष्ट एका ठिकाणी कचरा आणि दुसऱ्या ठिकाणी माल, हे आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात सांगायला मला कायम अवघड गेलं. पत्त्यांवर ते दोन मिनिटांत दिसतं. हाताला स्वतःची अशी किंमत नसते, ती समोर बसलेल्या लोकांच्या संदर्भात असते.

पण श्रोत्याचा प्रश्न हरण्याचा होता. तिथे बूट पाहा. तिर्रटमध्ये दर डावाला प्रत्येकाने बूट टाकायचा. समजा तुम्ही धीराचे आहात, जोडी किंवा त्याहून मोठं आल्याशिवाय चालच करत नाही. असा हात साधारण चार डावांत एकदा येतो. म्हणजे तीन डाव बूट देऊन पॅक, चौथ्यात खेळायचं. सात जण असतील तर तीन बूट गेले आणि चौथ्या डावात इतरांचे सहा बूट समोर आहेत. धीर परवडला. तिघंच असतील तर तीन बूट गेले आणि समोर आहेत दोन! चौथा डाव जिंकला तरी तुम्ही एका बुटाने खाली. शिवाय बाकीचे दोघं काही आंधळे नाहीत. हा माणूस तासात पाच-सहा वेळाच चाल करतो हे त्यांना समजतं, आणि तुम्ही चाल केली की ते पॅक करून मोकळे.

म्हणजे सातांच्या डावात जो गुण, तोच तिघांच्या डावात रोज थोडं थोडं रक्त काढतो. मोठ्या पानांची वाट पाहण्याची सवय चारित्र्याची खूण वाटते. माणसं तिच्याबद्दल अभिमानाने सांगतात. ती सवय बसली आहे सात माणसांच्या बैठकीत, आणि बैठक बदलली तरी सवय तशीच राहते. पोकरमध्ये हे आणखी तीव्र होतं. तिथे दर हाताला फक्त दोघांना सक्तीने पैसे घालावे लागतात आणि ती पाळी फिरत राहते. नऊ जण असतील तर नऊ हातांत एकदा ती फेरी येते, चौघं असतील तर चार हातांत. पणजीला मांडवीतल्या बोटींवर खेळणारेही याच कारणाने लहान टेबलावर जास्त हात खेळतात.

मग तिघांत काय करावं? जास्त हात खेळावे, आणि कधीकधी फुसक्या हातावरही चाल करावी. इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सातांच्या डावात चौघांनी पॅक केलं की तिघं उरतात. मग तो तिघांचाच डाव झाला ना? माणसांच्या हिशेबाने होय. पण मध्ये सात बूट पडलेले आहेत, तीन नाहीत. म्हणून तिथे टिकून राहण्याला जास्त किंमत आहे. तिघांनीच सुरू केलेल्या डावात मध्ये फार थोडं असतं, म्हणून तिथे चाल मोठी करून तेवढ्यासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही. हात जास्त खेळा, पण मोठे डाव कमी खेळा. या दोन गोष्टी उलट वाटतात, पण तशा नाहीत.

फुसक्या हातावर चाल करणं म्हणजे खोटं बोलणं का, असा प्रश्न नेहमी येतो. मला वाटतं, नाही. समोरच्याने ते गृहीत धरलेलं असतं. जॉन फॉन नॉयमान यांनी १९२८ च्या लेखात दोघांच्या खेळाचं गणित मांडलं आणि पुढे पोकरचंही. त्यातून निघालं की नेमक्या सगळ्यांत वाईट पानांवर अधूनमधून मोठी बोली लावणं हा योग्य खेळाचा भागच आहे. दोघांचं ते जमलं, तिसरा आला की गणित अवघड होतं. जॉन नॅश यांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात उदाहरण म्हणून घेतलं ते तिघांचं पोकर. तिसरा माणूस आला की दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, हे शक्य होतं. म्हणून तिघांवरून दोघांवर येणं म्हणजे फक्त एक माणूस कमी होणं नव्हे.

आपल्या घरातल्या बायांना हे माहीत होतं, असं मी म्हणेन. चौघं असले की मेंढीकोट, तेरा-तेरा पानं. तिघं असले की मेंढीकोट ओढूनताणून खेळत नाहीत, बावीस पानं बाजूला काढून तीस पानांवर पाच-तीन-दोन मांडतात. दोघीच उरल्या तर त्याच तीस पानांवर सात-आठ. माणसं कमी झाली म्हणून खेळच बदलला! पैसे लावणारा तिर्रटवाला मात्र खेळ तोच ठेवतो आणि स्वतः बदलत नाही.

आता कायद्याचं थोडं. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाच्या बाजूला ठेवलं. तो खटला जुन्या हैदराबादच्या जुगार कायद्याखालचा होता. आपला परभणी जिल्हाही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. न्यायालयाचं वर्गीकरण मला पूर्ण पटत नाही. पानं नशिबाने येतात, पण चाल करायची की पॅक हा निर्णय आहे, आणि वर पाहिलं तसं माणसं कमी झाली की तो निर्णय वारंवार घ्यावा लागतो. पण त्याच निकालातली दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: जागेचा मालक खेळातून नफा काढत असेल तर रमीसुद्धा गुन्हा ठरू शकते.

हा नफा म्हणजे आपल्याकडची नाल. आणि श्रोत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. दर डावाला दहा रुपये नाल धरा. सात जणांत प्रत्येकावर दीड रुपयाच्या आत पडते. तिघांत तीन रुपयांच्या वर. त्यात तिघांचा डाव लवकर संपतो, समजा दुप्पट वेगाने. म्हणजे तासाला प्रत्येकावरचा भार साडेचार पटीहून जास्त. मोबाइलवर दोघा-तिघांची टेबलं झटपट भरायची त्यामागेही हाच हिशेब होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. गावातल्या बैठकीला तो कायदा लागत नाही, तिथे जुना जुगार कायदा आहे. रात्री दोन वाजता तिघं बसले आणि तासाला चाळीस डाव झाले तर चारशे रुपये नालेत जातात, ते त्या तिघांच्याच खिशातून. उरलेल्या पैशात मग कोण जिंकलं ते ठरतं.