ओढताना गुडगुड, ठेवल्यावर तडतड: ई-सिगारेटचे आवाज काय सांगतात?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेले ‘म्हणजे’, ‘अॅक्च्युअली’ आणि मागच्या कुकरच्या दोन शिट्ट्या काढून टाकल्या आहेत.)

हेडफोन लावलेत ना? लावा, कारण आजचा भाग आवाजांचाच आहे.

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाची एक व्हॉइस नोट आली. तो मास्टर्स करायला ब्रिटनमध्ये आहे. नोट अकरा सेकंदांची. त्यात नुसतं गुडगुड, गुडगुड, आणि शेवटी त्याचा आवाज: “दादा, हे असं का वाजतंय? तू इंजिनियर आहेस ना?” घरात कुणी एक इंजिनियर झाला की प्रिंटरपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळं त्याच्याकडे येतं. माझ्याकडे ई-सिगारेट आली. आधी थोडं झापलं, मग क्लिप परत ऐकली, आणि एक उत्तर दिलं. ते अर्धवट होतं. त्याचं पुढे काय झालं ते सांगणार आहेच, पण आधी हे यंत्र आतून कसं असतं ते बघू.

आत असतं तरी काय?

चार गोष्टी. एक बॅटरी, लिथियम-आयनची, म्हणजे तुमच्या फोनमध्ये आहे त्याच जातीची. एक छोटी टाकी, तिच्यात द्रव. एक कॉइल, म्हणजे तापणाऱ्या तारेचं वेटोळं, आणि त्या तारेला चिकटून कापूस. आणि चौथी गोष्ट म्हणजे तुम्ही ओढताय हे ओळखणारा सेन्सर.

द्रवात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, त्यात निकोटीन आणि वासाची रसायनं. प्रॉपिलीन ग्लायकॉल साधारण 188 अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन 290 च्या आसपास. कापूस हा द्रव समईच्या वातीसारखा शोषून तारेपर्यंत नेतो. तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती मधल्या नळीतून तोंडात येते. जळत काही नाही, किमान जळू नये अशी अपेक्षा असते.

सेन्सरची गंमत म्हणजे तो माईकचा चुलत भाऊ आहे. त्यात एक पातळ पडदा असतो. तुम्ही ओढलंत की हवेचा दाब कमी होतो, पडदा हलतो, आणि सर्किटला कळतं की आता तार तापवायची. बऱ्याच छोट्या यंत्रांना बटणच नसतं. हा पडदा म्हणजेच बटण. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आवाज पहिला: गुडगुड

मराठीत हुक्क्याला ‘गुडगुडी’ म्हणतात ते उगाच नाही. पाण्यातून हवा ओढली की बुडबुडे फुटतात आणि तो आवाज येतो. हुक्क्यात पाणी मुद्दाम ठेवलेलं असतं. ई-सिगारेटमध्ये मधली नळी कोरडी असायला हवी. गुडगुड आली याचा अर्थ द्रव नको तिथे, म्हणजे नळीत साचलाय.

का साचतो? टाकी काठोकाठ भरली. भरताना द्रव थेट मधल्या नळीत गेला. कॉइल नीट बसली नाही किंवा तिची रबरी रिंग झिजली. विमानात दाब बदलला आणि द्रव बाहेर ढकलला गेला. किंवा, आणि हे फार होतं, शहाळ्यातली शेवटची मलई स्ट्रॉने ओढावी तसं जोरात ओढलं. मग कापूस शोषतो त्यापेक्षा जास्त द्रव आत खेचला जातो.

उपाय सोपा आहे. टाकीचा भाग बॅटरीपासून वेगळा करायचा. तोंडाकडची बाजू टिश्यूवर धरून दोन-चार झटके द्यायचे, नळी पुसायची, बॅटरीच्या बाजूचे धातूचे ठिपकेही पुसायचे, मग जोडायचं. हाताला द्रव लागला तर लगेच धुवायचा, कारण निकोटीन कातडीतूनही शरीरात जातं. घरात लहान मूल असेल तर ती बाटली औषधासारखी वर ठेवायची.

‘वेगळा करायचा’ हे मी ठळक केलंय. का, ते थोड्या वेळाने.

आवाज दुसरा: तडतड

फोडणीत ओली कढीपत्त्याची पानं टाकली की काय होतं? पाणी तापलेल्या तेलात पडतं, क्षणात वाफ होतं, आणि तेल उडतं. कॉइलवर तेच होतं. ओढताना हलकी तडतड म्हणजे कापूस ओला आहे आणि काम चालू आहे. ओढणं थांबवल्यावर तार थंड होईपर्यंत एक-दोन सेकंद येणारी चुरचुरही साधी गोष्ट.

तडतड मोठी झाली आणि ओठाला गरम थेंब बसायला लागले, तर द्रव जास्त झालाय. वरचाच उपाय.

उलट प्रकार जास्त वाईट. तडतड बंद झाली आणि घशाला जळका चटका बसला, तर कापूस कोरडा पडलाय आणि तार आता कापूस भाजतेय. जास्त तापलेल्या ग्लिसरीनमधून अॅक्रोलीन निघतं. करपलेल्या तेलाचा जो वास डोळ्यांत झोंबतो, त्यामागे हेच रसायन असतं. फॉर्माल्डिहाइडही तयार होतं. त्यामुळे तिथे ‘अजून एकदा ओढून बघू’ नाही. थांबायचं आणि कॉइल बदलायची.

आवाज तिसरा: शिट्टी

हवा आत जाणाऱ्या भोकात खिशातला धागा किंवा कचरा अडकला की अरुंद फटीतून हवा शिट्टी घालते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी. भोक कोरड्या ब्रशने साफ करायचं. पिन खुपसायची नाही, कारण त्याच वाटेवर तो नाजूक पडदा असतो.

इथपर्यंत सगळे आवाज द्रवाचे आणि हवेचे. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगमध्ये पिवळ्या ओळी. वाचायच्या, दुरुस्त करायच्या, पुढे जायचं.

आणि मग दुसरी व्हॉइस नोट

मावसभावाला मी काय सांगितलं होतं? “द्रव साचलाय. तोंडाकडून जोरात फुंकर मार, निघून जाईल.” बस. त्याने तसंच केलं. गुडगुड थांबली, त्याने थम्स-अप पाठवला, मी प्रश्न सुटला म्हणून खूश.

तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे रात्री अकरा, माझ्याकडे पहाटेचे साडेतीन-चार. फोन वाजला. “दादा, हे टेबलावर पडलंय आणि आपोआप तडतडतंय. मी हातसुद्धा लावला नाहीये.”

झोप एका क्षणात उडाली. काय झालं असेल ते लख्ख दिसलं. मी ‘टाकी काढून मग फुंकर’ असं सांगितलंच नव्हतं. त्याने टाकी जोडलेली असतानाच फुंकर मारली, नळीतला द्रव खाली ढकलला गेला, आणि खाली काय होतं? तोच पडदा. पडद्यावर द्रव बसला, आणि सर्किटला वाटलं की कुणीतरी ओढतंय. म्हणून ते तार तापवत बसलं. अशा यंत्रात सहसा आठ-दहा सेकंदांनी आपोआप बंद व्हायची सोय असते, पण सेन्सर पुन्हा ‘ओढतायत’ म्हणाला की पुन्हा सुरू. बटण अडकलेल्या डोअरबेलसारखं. आणि हे यंत्र एरवी कुठे असतं? त्याच्या जीन्सच्या खिशात. नाहीतर उशीजवळ.

मी विचारलं, “तापलंय का? फुगलंय? वास येतोय?” तो म्हणाला, कोमट आहे, वास नाही. मग त्याला टाकी उपटून काढायला सांगितली. टाकीतच कॉइल असते, ती निघाली की तापायला काही उरत नाही. आवाज थांबला. खालचा भाग त्याने दाराबाहेरच्या सिमेंटच्या पायरीवर ठेवला, आजूबाजूला काही पेटण्यासारखं नाही ना ते बघून. दुसऱ्या दिवशी दुकानात परत दिला. ब्रिटनमध्ये विकणाऱ्याला जुनी यंत्रं परत घ्यावी लागतात. कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाहीत, कारण कचरागाडीत दाबली गेली की बॅटरी पेटते.

चूक त्याची नव्हती, माझी होती. अर्धी पायरी गाळलेली सूचना ही चुकीच्या सूचनेपेक्षा घातक असते, कारण ती सुरुवातीला काम करते.

एकच नियम लक्षात ठेवा

त्या रात्रीनंतर मी हे सगळं एका ओळीत बसवलं. ओढताना आवाज आला तर तो द्रवाचा. कुणी ओढत नसताना आवाज आला तर तो विजेचा. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतोय ते बघा. तीच तडतड ओढताना साधी असते, आणि टेबलावर पडलेल्या यंत्रातून आली तर लॉगमधली लाल ओळ.

लाल ओळींमध्ये सर्वात वाईट एकच: फस्स. कुकरची शिट्टी पडायच्या आधीचा आवाज आठवा. काही मोठ्या यंत्रांत बदलता येणारे 18650 सेल असतात, 18 मिलिमीटर जाडीचे आणि 65 मिलिमीटर लांबीचे. सेलच्या टोपीत दाब सोडायची सोय असते. आत वायू झाला की काही सेलमध्ये आधी ‘टक्’ असं होतं, म्हणजे आतली दाबाची कळ तुटून विजेची वाट बंद झाली. मग फस्स, म्हणजे वायू बाहेर. त्याला गोडसर, नेलपेंट काढायच्या द्रवासारखा वास येतो. यानंतर धूर आणि ज्वाळा यायला काही सेकंदच लागू शकतात.

असं का होतं? या सेलचं अख्खं डबडं ऋण टोक असतं. त्यावर फक्त पातळ प्लॅस्टिकचं वेष्टन. ते फाटलं आणि सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर असला की थेट शॉर्ट सर्किट. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2009 ते 2016 मधल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या 195 घटना नोंदवल्या. त्यातल्या 61 वेळा यंत्र किंवा सुटा सेल खिशात होता, 60 वेळा यंत्र वापरात होतं, 48 वेळा चार्जिंगवर.

फस्स ऐकू आलं तर डीबग करायचं नाही. उघडायचं नाही, फोटो काढायचा नाही. खिशात असेल तर बाहेर फेकायचं, टेबलावर असेल तर स्वतः बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं आणि अग्निशमन दलाला फोन करायचा. तिकडे 999, आपल्याकडे 112 किंवा 101. धूर छातीत घ्यायचा नाही, तो विषारी असतो.

आणि हे फक्त ई-सिगारेटपुरतं नाही बरं का. पॉवर बँक, इयरबड्सची डबी, इलेक्ट्रिक स्कूटर, सगळीकडे हीच रसायनं आहेत. 2022 च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. आधी धूर, मग ज्वाळा. कुणी चालवत नव्हतं. नियम तोच.

“पण आपल्याकडे तर मिळतात ना?”

हा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगतो. भारतात सप्टेंबर 2019 मध्ये अध्यादेश आला आणि त्याच वर्षी कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत किंवा पन्नास हजारांपर्यंत. त्यामुळे तिकडून येणाऱ्या भावंडांनो, बॅगेत घालून आणू नका.

यात इंजिनियर म्हणून मला दिसणारी गोष्ट वेगळी आहे. ब्रिटनमध्ये टाकी जास्तीत जास्त 2 मिलिलिटर आणि निकोटीन जास्तीत जास्त मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे, आणि एकदाच वापरून फेकायची यंत्रं जून 2025 पासून बंद झाली. इथे पानपट्टीच्या काउंटरखालून जे निघतं त्याला कुठली मर्यादा? सेल कुणी बनवला, द्रवात काय आहे, बिघडलं तर कुणाकडे जायचं, कशाचंच उत्तर नाही. लाल ओळ येते, पण ती वाचायला कुणीच बसलेलं नाही.

शेवटचं

हे सगळे आवाज यंत्राची तब्येत सांगतात, तुमची नाही. 2019-20 मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुप्फुसाला इजा होऊन 2,807 जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यात 68 मृत्यू होते. बऱ्याच जणांच्या द्रवात व्हिटॅमिन ई अॅसिटेट सापडलं, मुख्यतः गांजाच्या अर्काच्या बेकायदा काडतुसांमध्ये. ती काडतुसं गुडगुडली नव्हती, शिट्टीही वाजली नव्हती. यंत्र गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं नसतं.

मावसभाऊ आता निकोटीन गम चघळतो. परवा त्याची व्हॉइस नोट आली, नऊ सेकंदांची, नुसता चघळण्याचा आवाज. “दादा, हे नॉर्मल आहे का?”

हो रे बाबा, हे नॉर्मल आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि आज झोपताना पॉवर बँक उशीखालून काढा.