तळ्याचा तळ उतरता कसा?

बालमित्रांनो आणि पालकहो,

मागच्या शरद ऋतूतली आपल्या वर्गाची सहल आठवते ना? इरॉन्डेक्वॉइट बेच्या काठच्या रानात आपण डबे घेऊन गेलो होतो. पोळी-भाजी आणि चिवडा संपल्यावर मोठ्यांच्या गप्पा रंगल्या आणि तुम्ही एक नवा खेळ शोधून काढला. पायवाट सोडायची, थेट उतारावरून घसरत खाली जायचे आणि झाडांची मुळे धरून पुन्हा वर यायचे! घरी गेल्यावर कपडे पाहून आया काय म्हणाल्या, ते इथे लिहीत नाही.

ह्या एप्रिलमध्ये मी पुन्हा तिथे फिरायला गेले. तुमच्या घसरगुंडीच्या जागी गुडघाभर खोल घळ पडली होती. एका मेपलची मुळे उघडी पडून हवेत लोंबत होती. एका दुपारच्या खेळाने आणि एका हिवाळ्याने एवढे केले!

सहलीच्या दिवशी एका मुलीने हातातली माती चोळत विचारले होते, "मावशी, ही माती पिठासारखी का लागते?" मी म्हटले, "पुढच्या रविवारी सांगते." तो रविवार आज उजाडला.

रवा, मैदा आणि चिकटपणा

माती कणांची बनते आणि कणांच्या आकारावरून तिची जात ठरते. २ मिलिमीटरपासून ०.०५ मिलिमीटरपर्यंतचे कण म्हणजे वाळू. ती बोटांना रव्यासारखी खरखरीत लागते. ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक कण म्हणजे चिकणमाती. ओली झाली की ती हाताला चिकटते आणि तिचा गणपतीसुद्धा करता येतो. ह्या दोन्हींच्या मधले जे कण, त्यांना मराठीत पोयटा म्हणतात. पोयट्याचा एकटा कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कोरडा पोयटा मैद्यासारखा मऊ लागतो. ओल्या पोयट्याची वळी करायला गेलात तर ती थोडी लांब होऊन तुटते.

बेच्या काठची ती माती बहुतेक सगळी पोयट्याची. आता प्रश्न असा, की इतका सारखा, जणू चाळणीने चाळलेला पोयटा तिथे आणला कोणी?

आधी होते एक मोठे तळे

सुमारे १३,००० वर्षांपूर्वी आपल्या उत्तरेला बर्फाचा प्रचंड थर होता. ओंटॅरिओ सरोवराचे पाणी आज सेंट लॉरेन्स नदीने समुद्राला जाते. तेव्हा ती वाट बर्फाने अडवलेली होती. त्यामुळे पाणी तुंबले आणि आजच्यापेक्षा मोठे सरोवर तयार झाले. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला लेक इरोक्वॉय म्हणतात. त्याचे पाणी पूर्वेला रोम गावाजवळून मोहॉक नदीच्या खोऱ्यात आणि तिथून हडसनला जात असे.

ह्या सरोवराचा किनारा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. पटत नाही? आपला रिज रोड ज्या लांबलचक उंचवट्यावरून जातो, तो उंचवटा म्हणजे त्या सरोवराच्या लाटांनी रचलेला वाळू-गोट्यांचा किनारा! तो आजच्या ओंटॅरिओच्या पाण्यापेक्षा ५० मीटरहून अधिक उंच आहे. त्या कोरड्या उंचवट्यावरून आधी इथल्या मूळ रहिवाशांची पायवाट जात होती, मग गाड्यांचा रस्ता झाला.

बर्फ वितळून येणारे पाणी गढूळ असे. जड वाळू किनाऱ्याजवळच खाली बसे आणि पोयटा आत, शांत खोल पाण्यात जाऊन सावकाश बसे. वर्षानुवर्षे थरावर थर बसत गेले. चाळणी वगैरे काही नव्हती, मुलांनो. पाण्यानेच कण निवडले.

मग उतार कुठून आला?

इथे एका हुशार मुलाने मला अडवले. "पण मावशी, तळ्याचा तळ तर ताटासारखा सपाट असतो!" अगदी बरोबर. वेब्स्टर किंवा ग्रीस भागात गाडीतून जाताना जमीन सपाटच दिसते.

पुढे बर्फ मागे हटला, सेंट लॉरेन्सची वाट मोकळी झाली आणि सरोवराचे पाणी उतरले. ते आजच्या ओंटॅरिओपेक्षाही खाली गेले. आता ओढ्यांना खूप खाली उतरायचे होते आणि वाटेत होता मऊ पोयटा. त्यांनी तो सुरीने केक कापावा तसा कापला. इरॉन्डेक्वॉइट बे जिथे आहे, तिथे बर्फयुगाआधी जेनेसी नदीची दरी होती. गाळाने बुजलेली ती दरी अशी पुन्हा कोरली गेली. (जेनेसीला मात्र जुनी वाट सापडली नाही. ती नव्या खडकाळ वाटेने गेली, म्हणून तर आपल्या शहरात धबधबे आहेत!) नंतर बर्फाचे ओझे गेल्यामुळे उत्तरेकडची जमीन हळूहळू वर आली, सरोवराचे पाणी पुन्हा चढले आणि दरीच्या तोंडात शिरले. तोच आपला बे.

म्हणजे वर सपाट तळ आणि कडेला तीव्र उतार. ताट सपाटच आहे, फक्त त्याची कड मोडलेली आहे.

निचरा चांगला म्हणजे काय?

पोयट्याच्या कणांमधली छिद्रे बारीक असतात. ती पाणी धरून ठेवतात आणि झाडांच्या मुळांना हळूहळू देतात. वाळूतून पाणी पळून जाते, चिकणमाती ते घट्ट धरून बसते. पोयटा ह्या बाबतीत मधला आणि झाडांचा लाडका.

पण पाणी धरणाऱ्या मातीचा निचरा चांगला कसा? इथे जागा महत्त्वाची. सपाट जागी पाण्याला जायला वाट नसते. तिथे हाच पोयटा वसंतात आठवडेच्या आठवडे ओला राहतो. आपल्याकडे शेतकरी अशा जमिनीला चिबड म्हणतात. उतारावर मात्र काही पाणी पृष्ठभागावरून वाहून जाते आणि जे मुरते त्याला खाली दरीकडे वाट मिळते.

अमेरिकेच्या मृदाशास्त्रज्ञांनी ह्या भावंडांना वेगवेगळी नावे दिली आहेत. चांगल्या निचऱ्याची ती डंकर्क, तिच्याहून थोडी ओलसर ती कॉलमर, त्याहून ओली नायगारा आणि सखल जागची सर्वांत ओली कॅनन्डेग्वा. चौघींचा गाळ एकाच प्रकारचा, फरक पाण्याचा.

त्यांना ओळखायचे रंगावरून. खोदल्यावर माती बरीच खोलवर एकसारखी तपकिरी दिसली तर निचरा चांगला. मातीतल्या लोखंडाला हवा मिळते, ते गंजते आणि तो तपकिरी रंग येतो. पाणी साचून हवा कोंडली तर माती राखाडी होते, मध्ये गंजाचे ठिपके दिसतात.

पालकांना आपली काळी जमीन आठवेल. बेसाल्टापासून झालेली, चिकणमातीने भरलेली, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात बूट ओढून घेणारी. तिथे वाफसा येण्याची वाट पाहावी लागते. डंकर्कसारख्या जमिनीत वसंतात वाफसा लवकर येतो. म्हणूनच जिथे तिचा उतार सौम्य आहे, तिथे सफरचंदाच्या बागा आणि भाजीपाला छान होतो.

गुणी, पण हळवी

आता आपल्या घळीकडे येऊ. वाळूचे कण जड असल्यामुळे पाण्याला सहज हलवता येत नाहीत. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून बसतात. पोयटा जडही नाही आणि चिकटही नाही! त्यामुळे जमिनीची धूप पोयट्यातच सर्वांत सहज होते. त्यात उतार तीव्र असला, की वाहत्या पाण्याचा जोर वाढतो.

हिवाळा आणखी भर घालतो. पोयटा खालचे पाणी वर ओढून घेतो, ते गोठून बर्फाच्या पातळ चकत्या होतात आणि माती फुगते. मार्चमध्ये वरचा थर वितळून लापशीसारखा होतो, खाली जमीन अजून गोठलेलीच असते. मग ती लापशी घसरते. उतारावरची पाने, गवत आणि मुळे हेच तिचे पांघरूण. तुम्ही घसरलात तेव्हा ते पांघरूण फाटले.

तुम्हाला रागावण्याआधी माझी स्वतःची चूक सांगते. आमचे घर अशाच एका घळीच्या कडेला आहे. घर घेताना मातीच्या नकाशात "चांगला निचरा" असे वाचून आम्ही खूष झालो. तळघर कोरडे राहणार! छपराच्या पन्हाळीचे पाणी नळी लावून थेट कडेवर सोडले. बेचे पाणी नीट दिसावे म्हणून कडेची झुडपेही तोडली. तिसऱ्या वर्षी बर्फ वितळताना अंगणाचा जेवणाच्या टेबलाएवढा तुकडा रात्रीत खाली गेला. सकाळी माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाण्याला वाट दिलीस, पण बांध कुठे घातलास?" त्यांनी आयुष्यभर शेती केलेली. नकाशा न पाहता त्यांना कळले ते आम्हाला नकाशा वाचून कळले नव्हते. "चांगला निचरा" हे मुळांविषयी आणि तळघराविषयी सांगते. कडा टिकेल की नाही, ते सांगत नाही. त्यासाठी नकाशातले उताराचे अक्षर पाहावे लागते. ए म्हणजे जवळजवळ सपाट, पुढच्या अक्षरागणिक उतार वाढत जातो. हे नकाशे आता इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येतात.

२०१७ आणि २०१९ साली ओंटॅरिओचे पाणी विक्रमी चढले, तेव्हा बेचेही चढले. असे पाणी उताराचा पायथा पोखरू शकते. म्हणजे वरून आपण आणि खालून पाणी! पाणी आपल्या हातात नाही, पाय मात्र आहेत.

म्हणून ह्या वर्षीच्या सहलीचे नियम आधीच सांगते. पायवाट नागमोडी आहे ती मुद्दाम. पाणी आणि माणसे दोघांनीही सावकाश उतरावे म्हणून. ती सोडायची नाही. घसरायला सपाट बागेत घसरगुंडी आहे. आणि त्या घळीबद्दल बागेच्या कार्यालयाला कळवून, काय करू देतील ते विचारू. परवानगी मिळाली तर मोठी मुले आणि बाबा मंडळी मिळून उताराला आडवे ओंडके लावू.

करून पाहा

काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती घाला, वर पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. झाकण लावून पाच मिनिटे जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात तळाशी बसेल ती वाळू. पोयटा त्यानंतर बसत जाईल. १० सेंटिमीटर पाण्यात त्याच्या सर्वांत बारीक कणाला सुमारे ८ तास लागतात! त्यानंतरही पाणी गढूळ राहिले, तर ती चिकणमाती. पट्टीने थर मोजून वहीत लिहा आणि पुढच्या रविवारी बरणी घेऊन या. कोणाचे घर जुन्या तळ्यावर आहे, ते आपण शोधू.

नवीन शब्द

पोयटा: वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कणांची माती.
निचरा: जमिनीतून जादा पाणी निघून जाणे.
चिबड: पाणी साचून राहणारी जमीन.
वाफसा: जमीन फार ओली नाही आणि फार कोरडी नाही, पेरणीला योग्य अशी स्थिती.
धूप: पाण्याने किंवा वाऱ्याने माती वाहून जाणे. (देवापुढचा धूप वेगळा!)
घळ: पाण्याने कापलेली अरुंद, खोल जागा.

तुमची,
मधल्या गटाची मावशी