गडाची उतरण आणि आमचा गुडघा

गेल्या आश्विनांत आमचा उजवा गुडघा दुखूं लागला, आणि घरांत एका दिवसांत चार वैद्य निर्माण झाले. वहिनींनीं निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. धाकट्या सुनेनें बर्फाची पिशवी आणली. शेजारच्या गृहस्थांनीं स्वतःसाठीं आणलेला पट्टा आमच्या हवालीं केला. थोरले बंधु मात्र आरामखुर्चींतून एवढेंच म्हणाले, "अरे, आतां गड पुरे कर. माझ्यासारखा स्वस्थ बस."

दादांचें हें वाक्य प्रेमाचें होतें; परंतु त्यानेंच आम्ही दचकलों. दादांचें वय आज ७४. वयाच्या ६२ व्या वर्षीं त्यांचाहि गुडघा असाच दुखूं लागला होता. कोणीं विश्रांति सांगितली, ती त्यांनीं आज्ञाधारक विद्यार्थ्याप्रमाणें घेतली. प्रथम पहांटेचें फिरणें सुटलें, मग मंडई सुटली, पुढें जेवणाचा पाट जाऊन टेबल आलें. आणि आज आमच्या तिसऱ्या मजल्यावरून ते लग्नमुंजीखेरीज खालीं उतरत नाहींत. गुडघा अद्यापि दुखतोच. बारा वर्षांच्या विश्रांतीनें जें साधलें नाहीं, तें आमच्या बाबतींत साधेल असें मानण्यास आम्हांस आधार दिसेना.

शाळेंतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारीं सिंहगड चढावयाचा असा आमचा परिपाठ आहे. आम्हांस कोणी खेळाडू म्हणणार नाहीं. पण समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंचीच्या त्या गडावर आतकरवाडीच्या पाऊलवाटेनें जावें, पुणें दरवाजांत घाम पुसावा, वर पिठलें-भाकरी आणि मडक्यांतील दहीं घ्यावें, व दुपारच्या आंत घरीं यावें, यांत आमचा आठवडा सांठलेला असतो. पावसाळ्यांत वाट निसरडी म्हणून चार महिने आम्ही गेलों नाहीं. नवरात्रांत पुन्हां आरंभ केला, तो एका आठवड्यांत तीन वेळां. कारण सांगावयास संकोच वाटतो. आमच्याहून दहा वर्षांनीं लहान असे एक गृहस्थ पहिल्याच दिवशीं आम्हांस मागें टाकून गेले, आणि वर आमच्यासाठीं दहीं मागवून बसले होते! तिसऱ्या खेपेस उतरतांना वाटीच्या मागें कळ आली. मग जिना चढतांना थोडें, उतरतांना फार, आणि तासभर खुर्चींत बसून उठतांना सर्वांत अधिक, असें दुखणें सुरू झालें.

संस्कृताच्या शिक्षकास दुखणें आलें कीं तो प्रथम ग्रंथ उघडतो. सुश्रुतानें जानु हें संधिमर्म गणलें असून त्यास इजा झाली असतां माणूस लंगडा होतो असें सांगितलें आहे. आणि गुडघ्यास फार सूज येते त्या रोगास 'क्रोष्टुकशीर्ष', म्हणजे कोल्ह्याचें डोकें, असें नांव आहे. सुजलेला गुडघा व खालची वाळलेली पोटरी ज्यानें पाहिली असेल, त्यास या नांवाचें मर्म सांगावयास नको. (जाणतां जाणतां हेंहि सांगतों कीं आपला 'जानु', ग्रीकांचा 'गोनू', लॅटिनांतील 'जेनू' आणि इंग्रजांचा 'नी' हे एकाच घरचे भाऊ आहेत. इंग्रजी शब्दाच्या आरंभीं न उच्चारला जाणारा 'के' असतो, तो त्या जुन्या मूळ ध्वनीचाच अवशेष.)

ग्रंथांनंतर डॉक्टर. पहिल्यानें क्षकिरणांचें चित्र पाहून "झीज आहे" असें म्हटलें, एम.आर.आय. काढावयास सांगितला, आणि पुढें दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला. दादांचा मुलगा डॉक्टर आहे. त्यानें आम्हांस दोन शोधनिबंध वाचावयास दिले, ते वाचून आमची झोंप उडाली, आणि मग चांगली लागली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांत अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम गांवच्या ५० ते ९० वर्षें वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एम.आर.आय. तपासले होते. ज्यांच्या गुडघ्यांतील गादी फाटलेली आढळली, त्यांपैकीं ६१ टक्के लोकांना मागील महिन्यांत कसलेंहि दुखणें नव्हतें! म्हणजे चित्रांतील फाट ही दुखण्याचें कारण असेलच असें नाहीं. पिकलेल्या केसांप्रमाणें ती पुष्कळदां वयाची खूण असते. दुसरा निबंध २००२ सालचा, ह्यूस्टन येथील. झिजलेल्या गुडघ्याच्या १८० रोग्यांपैकीं कांहींची दुर्बिणीनें खरी शस्त्रक्रिया केली, कांहींच्या त्वचेस नुसते छेद दिले. दोन वर्षांनीं पाहतां दोघांच्या दुखण्यांत फरक नव्हता.

एवढ्यावरून शस्त्रक्रिया निरुपयोगी असें कोणी समजूं नये. पडून मार लागला, पायावर भार देतां येईना, सांधा अडकून राहूं लागला, तापासह सूज व लाली आली, तर घरगुती प्रयोग न करतां तत्काळ डॉक्टर गांठावा. आमची गोष्ट तशी नव्हती.

शेवटीं पुतण्यानें एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठविलें, त्या आमच्याच एका वर्गांत बसलेल्या निघाल्या. त्यांनीं आम्हांस एका पायरीवर उजव्या पायावर उभें केलें आणि डावी टांच हळूहळू जमिनीस टेंकवा म्हणाल्या. पाय लटलट कांपूं लागला, आणि गुडघा आंतल्या बाजूस कलला. मग फीत घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी मांडी दोन सेंटिमीटर बारीक भरली. बाई हंसून म्हणाल्या, "सर, तुमचा गुडघा बिघडलेला नाहीं. मांडी वर्गांत झोंपलेली आहे."

यांतील शास्त्र असें. चढतांना मांडीचे पुढील स्नायु आंखडून शरीर वर उचलतात. उतरतांना तेच स्नायु ताणले जात असतांना भार आवरून धरतात. विहिरींत भरलेली घागर हळूहळू सोडावयाची, तर दोर हातांतून सुटूं न देण्यास जें बळ लागतें, तसलेंच हें काम. तें बळ अपुरें पडलें कीं भार वाटीच्या मागील बाजूवर पडतो. कमरेच्या बाजूचे स्नायु दुबळे असले तर गुडघा आंत कलतो आणि वाटी आपली खांच सोडून घांसूं लागते. शिवाय सांध्यांतील कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचें पोषण सांध्यांतील द्रवानें होतें, आणि तो द्रव भार पडण्यानें व उठण्यानें आंत-बाहेर होतो. स्वस्थ बसणें म्हणजे तिला उपाशी ठेवणें. गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरानें १९७८ मध्यें दुखापतीस विश्रांति व बर्फ यांचा जो मंत्र दिला, तो जगानें पाठ केला. त्यानेंच २०१४ मध्यें लिहिलें कीं बर्फ आणि संपूर्ण विश्रांति यांमुळें बरें होण्यास उलट विलंब लागूं शकतो. सुनेची पिशवी आम्ही अर्थातच परत केली नाहीं. कळ कमी वाटते, तेवढा तिचा उपयोग आहे. निर्गुडीविषयींहि तेंच.

व्यायाम लहान मुलांच्या वाटावे असे होते. गुडघ्याखालीं गुंडाळलेला पंचा ठेवून तो दाबणें. पाय सरळ ठेवून वीतभर उचलणें. उताणें निजून कंबर उचलून धरणें. भिंतीस पाठ टेंकून अर्धें बसणें. मग खुर्चीवरून हात न लावतां उठणें. आणि अखेरीस तीच ती पायरी. आठवड्यांतून तीन दिवस, कारण स्नायूंस मध्यें एक दिवस लागतो. दुखणें दहापैकीं तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळीं तें पूर्ववत् झालें पाहिजे. न झाल्यास एक पाउल मागें. आम्हांस वाग्भट आठवला. त्यानें व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावयास सांगितलें आहे, आणि आयुष्यभर विद्यार्थ्यांस हें सांगून आम्ही स्वतः दह्याच्या वाटीसाठीं पूर्ण शक्ति लावली होती.

पांचव्या आठवड्यांत बरें वाटतें म्हणून आम्ही कोणास न सांगतां पर्वती चढून आलों. तीन दिवस गुडघा सुजला. बाईंनीं रागावण्याऐवजीं वहींत आमच्या हातून लिहवून घेतलें, "बरें वाटणें म्हणजे बळ येणें नव्हे." त्याच वहींत वजनाचा स्तंभ होता. वजन एक किलोनें घटलें कीं प्रत्येक पावलास गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोनीं हलका होतो, हें कळल्यावर रात्रींचा दुसरा भात आम्हीं सोडला. चार किलो उतरलें. बाराव्या आठवड्यांत दोन्ही मांड्यांच्या मापांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक उरला, आणि सोळाव्यांत आम्ही दोन काठ्या घेऊन सिंहगड चढलों. चढण्यास पूर्वीपेक्षां पंचवीस मिनिटें अधिक लागलीं. ते गृहस्थ दहीं घेऊन बसलेच होते. उतरतांना आम्ही त्यांना पुढें जाऊं दिलें, पावलें आंखूड टाकलीं, आणि आतकरवाडीस कळेवांचून पोहोंचलों.

परंतु ज्यासाठीं हें लिहिलें तें अजून सांगावयाचें आहे. दादा रोज आमचें खुर्चीवरून उठणें-बसणें पाहात. एके सायंकाळीं, घरांत कोणी नाहीं असें पाहून, त्यांनीं विचारलें, "मला जमेल का रे?" दुसऱ्याच दिवशीं बाई घरीं आल्या. पहिल्या दिवशीं दादा दोन्ही हातांनीं खुर्ची दाबून पांच वेळां उठले, आणि पांचव्या वेळेस त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें. तें दुखण्याचें नव्हतें असें ते म्हणतात. त्यांच्या सांध्याची झीज आमच्याहून पुष्कळ अधिक आहे. ती भरून येणार नाहीं, हें बाईंनीं त्यांना स्पष्ट सांगितलें. तरी आतां ते हात न लावतां आठ वेळां उठतात.

गेल्या गुरुवारीं ते कठडा धरून तिसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यापर्यंत उतरले. अकरा मिनिटें लागलीं. वहिनी वरून, आणि आम्ही दोन पायऱ्या खालीं उभे राहून, मोजीत होतों. तळमजल्याच्या चौदा पायऱ्या राहिल्या आहेत.