दुर्मिळ बौद्ध ग्रंथांचे पुनर्मुद्रण : काही विचार

पालि विद्येच्या इतिहासात पुण्याचे स्थान विशेष आहे. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पालिचे अध्यापन केले. त्यांचे शिष्य प्रा. पु. वि. बापट यांनी संपादिलेली सुत्तनिपाताची देवनागरी आवृत्ती १९२४ साली पुण्यातच प्रसिद्ध झाली. त्या पिढीचे कित्येक ग्रंथ आज केवळ ग्रंथालयांच्या कपाटांत आढळतात. कागद पिवळा व ठिसूळ झालेला असतो. अशा ग्रंथास शंभर-दोनशे वाचक मिळाले तरी पुष्कळ. परंतु उद्याचे अध्यापक त्यांतूनच निघावयाचे आहेत. म्हणून मोजक्या प्रतींच्या पुनर्मुद्रणाचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला प्रश्न अधिकाराचा. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. १९९२ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. आचार्य कोसंबी ४ जून १९४७ रोजी निवर्तले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २००८ पासून सर्वांस खुले झाले. प्रा. बापट १९९१ साली निवर्तले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क २०५१ अखेरपर्यंत राहील. म्हणजे गुरूचा ग्रंथ मुक्त, तर शिष्याच्या ग्रंथासाठी वारसांची अनुमती आवश्यक. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच छापलेल्या ग्रंथाची मुदत मात्र प्रकाशनवर्षावरून मोजावी लागते. शिवाय मूळ पालि सुत्त कोणाच्याही मालकीचे नसले, तरी संपादकाची प्रस्तावना, टीपा आणि अनुवादकाचे भाषांतर यांवर स्वतंत्र हक्क असतो. हे न तपासता काम हाती घेऊ नये.

दुसरा प्रश्न खर्चाचा. खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा फर्मे छापून झाले की खिळे मोकळे केले जात. पुन्हा छापावयाचे तर सारी जुळणी नव्याने करावी लागे. ऑफसेट पद्धतीत पानाचे छायाचित्र घेऊन प्लेट करता येऊ लागली. तथापि प्लेटचा खर्च शंभर प्रतींस तितकाच आणि हजार प्रतींसही तितकाच. साहजिकच थोड्या प्रती महाग पडत. डिजिटल छपाईत प्लेट लागत नाही. पन्नास प्रती काढून त्या संपल्यावर आणखी पन्नास काढता येतात. हजार प्रतींचे गठ्ठे सांभाळण्याचा भार छोट्या संस्थेवर पडत नाही.

तिसरा प्रश्न शुद्धतेचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. जुन्या पानांची प्रतिमा जशीच्या तशी छापली, तर पृष्ठांक कायम राहतात व पूर्वीच्या अभ्यासकांनी दिलेले संदर्भ जुळतात. नव्याने अक्षरजुळणी केली, तर अक्षर सुवाच्य होते, पण नवे मुद्रणदोष शिरतात. पालित असा दोष क्षुल्लक नसतो. ‘सुत’ म्हणजे ऐकलेले आणि ‘सुत्त’ म्हणजे सूत्र. एका जोडाक्षराने अर्थ पालटतो. ‘धम्मं’ वरील अनुस्वार गळाला की द्वितीया विभक्ती नाहीशी होते. प्रतिमा छापतानाही सावध राहावे लागते. संगणकावर डाग पुसताना अनुस्वार डाग समजून पुसला जातो, तर कधी डागच अनुस्वार होऊन बसतो. अभ्यासवर्गात छायाप्रतीवरून काढलेली छायाप्रत घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यांस चुकीची विभक्ती पाठ करताना आम्ही पाहिले आहे. दोष त्यांचा नव्हता. आम्ही त्यांच्या हाती दिलेल्या पानाचा होता.

म्हणून काही पथ्ये पाळावीत असे आम्हांस वाटते. शक्य असल्यास दोन प्रती ताडून पाहाव्यात, म्हणजे गळालेली पाने कळतात. मूळ प्रकाशक, स्थळ, वर्ष व आवृत्ती यांचा निर्देश असलेले पान गाळू नये. मूळ प्रस्तावना व शुद्धिपत्र ठेवावे. आपली दुरुस्ती मजकुरात न मिसळता शेवटी वेगळी द्यावी. नवी प्रस्तावना जोडल्यास तीवर लेखकाचे नाव व तारीख घालावी.

पुनर्मुद्रण हे दुय्यम कार्य मानण्याचे कारण नाही. मद्रासचे प्रा. पी. लक्ष्मी नरसू यांचा ‘द इसेन्स ऑफ बुद्धिझम’ हा ग्रंथ १९०७ साली निघाला होता. लेखकाच्या निधनानंतर, १९४८ साली, मुंबईहून त्याची तिसरी आवृत्ती निघाली, तीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रस्तावना लिहिली. त्यांचा स्वतःचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ प्रसिद्ध होण्यास अद्याप नऊ वर्षे अवकाश होता. नवा ग्रंथ सिद्ध होईपर्यंत वाचकाने रिकाम्या हाती थांबू नये, हा धडा आम्ही त्यातून घेतो.

ज्यांच्या घरी, विहारात वा शाळेच्या कपाटात असे जुने ग्रंथ असतील, त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. निदान पहिले पान, प्रकाशनवर्ष व पृष्ठसंख्या यांची नोंद करून ठेवावी. कोणता ग्रंथ प्रथम छापावा, हे अशा नोंदींवरूनच ठरविता येईल.