उडालेल्या रंगाची किंमत

गिब्सनने सनबर्स्ट (कडेला लाल, मध्ये पिवळसर होत जाणाऱ्या) रंगातली ‘लेस पॉल स्टँडर्ड’ गिटार मिशिगनमधल्या कॅलामझूच्या कारखान्यात काढली ती फक्त १९५८ ते १९६० या काळात. खप जेमतेम, म्हणून ती बंदही झाली. १९६६ साली ब्लूज संगीतकार जॉन मेयॉलच्या अल्बमवर गिटारवादक एरिक क्लॅप्टनने तशी गिटार वाजवली आणि मागणी उसळली. आज अस्सल नग लाखो डॉलरला जातो.

खरी गंमत रंगाची. सुरुवातीचा लाल रंग उजेडात उडायचा. काही गिटारी चेरीवरून पार लिंबासारख्या पिवळ्या झाल्या. संग्राहक या फिकेपणावरही जीव टाकतात. उलट कुणी हौसेने नवा रंग चढवला, की किंमत साधारण निम्म्यावर! म्हणूनच जाणकार आधी अतिनील दिवा धरतात: जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट-पिवळं चमकतं, नंतर मारलेला रंग गडद दिसतो. मग आतली तपासणी. सोल्डरिंग कुणी उकललंय का, पिकअपखालचा (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागाखालचा) ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ असं सांगणारा स्टिकर शाबूत आहे का.

जपणुकीचं म्हणाल तर आर्द्रता ४५ ते ५० टक्के ठेवायची. थंडीतून आणलेली गिटारची पेटी लगेच उघडायची नाही, लॅकरला बारीक चिरा जातात. आणि रबर लावलेला स्टँड? तो लॅकरच खातो.