आजी, जन्म जंगल सत्याग्रहाच्या साली

वय विचारलं की आजी कधी साल सांगत नसे. "जंगल सत्याग्रह झाला तवा मी मायच्या मांडीवर होती," एवढंच म्हणायची. सातपुड्यात १९३० साली बैतूलकडच्या घोडाडोंगरीला आणि सिवनीकडच्या तुरियाला लोकांनी सरकारी जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि गोळीबारात माणसं मेली, हे मला मोठेपणी पुस्तकातून कळलं. आजीसाठी ते तिचं वय होतं. तिच्या आईच्या पिढीचा हिशेब १९१८ च्या मानमोडीच्या साथीपासून चाले : कोण मानमोडीआधीचं, कोण नंतरचं. ओळखपत्रावर मात्र कुणीतरी जन्मतारीख म्हणून १ जानेवारी लिहून टाकली, आणि ती गेली तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावरही तीच तारीख उतरली. तिची आठवण नेमकी कुठं जपली गेली, हे मी तेव्हापासून शोधतो आहे.

कागदात ती फारशी नाही. पण कागदांनी तिला पुष्कळ फिरवलं. ती जन्मली मध्यप्रांत-वऱ्हाडात, राजधानी नागपूर. तिचं माहेर सावनेरकडचं, सासर सौंसर तालुक्यातलं बोरगाव. तेव्हा दोन्ही एकाच प्रांतात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाड्याबरोबर आम्ही भोपाळचे झालो. आजी चुलीपुढून उठलीही नव्हती, आणि तिचं माहेर परराज्यात गेलं. पुढे १९६० ला ते माहेर महाराष्ट्रात गेलं. ती गेल्यानंतर, २०२३ ला, पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. म्हणजे तिच्या घराचा पत्ता तिच्यामागेही बदलला.

माहेरी जायला नॅरोगेजची छोटी गाडी होती, छिंदवाड्याहून सौंसर, सावनेर करत नागपूरला जाणारी. आजीच्या मांडीवर गाठोडं, गाठोड्यात पापड-मुंगोड्या आणि हंगाम असला तर संत्री. ही गाडी २०१५ ला रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली. रुंद रूळ हवेच होते, पण आमच्याकडच्या कितीतरी सासुरवाशिणींचं माहेर त्या गाडीच्या शिट्टीत होतं, हेही नोंदवायला हवं.

आता तिच्या कामाबद्दल. शेतकरी म्हणून जमिनीच्या कागदावर आजोबाच होते. पेरणीत तिफणीमागे सरता धरून तुरीचा दाणा सोडत चालायची ती. निंदण तिचं, कापसाची वेचणी तिची. कमरेला फडकं बांधून दिवसभर वाकायचं, आणि संध्याकाळी तराजूवर फडकं मोकळं करायचं. वेचणीनं बोटांची टोकं बोंडाच्या काट्यांनी फाटत, त्यावर रात्री गोडंतेल. दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराची संत्री उतरायची. झाडाखाली बसून बाया लहान-मोठं फळ निवडत, लाकडी खोक्यात तणस घालून थर लावत. नागपुरी संत्रं म्हणून जे देशभर खाल्लं जातं, त्यात आमच्या सौंसर-पांढुर्ण्याचंही फळ आहे, आणि ते असल्या हातांतून गेलेलं आहे. पाडव्याला गायगोधन असे. रंगवलेल्या शिंगांच्या गाई गल्लीतून निघाल्या की आजी दारात ओवाळायला उभी, बोटांवरच्या चिरांसकट.

बाहेरच्या जगाला पांढुर्णा ठाऊक आहे तो जाम नदीवरच्या गोटमारीच्या दगडफेकीमुळे, आणि बोरगाव हल्ली औद्योगिक क्षेत्रामुळे. आजीला गोटमार आवडत नसे. पोळ्याच्या करीला ती आम्हा पोरांना डोळ्यांआड होऊ देत नसे. "कोठी नाई जायचं बापा आज," म्हणत दारातच बसायची.

आणि तिची बोली. कोथिंबिरीला सांबार, शेताला वावर. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड १९०५ ला निघाला, त्यात या नागपुरी बोलीची नोंद आहे. पण तिच्या घरच्यांची शाळा, कचेरी, दवाखाना, सगळं हिंदीत झालं. दवाखान्यात "क्या तकलीफ है" विचारलं की ती आधी माझ्याकडे बघायची. आतली कळ तिला मराठीतच सांगता येत होती, आणि मी तिचं दुखणं हिंदीत करताना त्यातलं निम्मं गळून जात होतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

मराठीनं आज्या जपल्या नाहीत असं नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ ला गेल्या. सोपानदेवांनी आईच्या ओव्या टिपलेली वही अत्र्यांना दाखवली नि १९५२ ला पुस्तक निघालं. बेबी कांबळे यांनी नवऱ्याच्या नकळत लिहिलेलं 'जिणं आमुचं' १९८६ ला पुस्तक म्हणून आलं. आणि हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. माझ्या मते आपल्या भाषेतला बायकांचा सगळ्यात मोठा इतिहास तोच. बहिणाबाईंना लिहिणारा लेक होता. आमच्या घरात लिहिणारा मी, आणि मी उशिरा जागा झालो.

मागच्या उन्हाळ्यात आत्याला म्हटलं, आजीच्या ओव्या सांग, लिहून घेतो. ती खुर्चीत बसली, दोन शब्द म्हणाली, थांबली. "नाई आठवत रे, सारं गेलं." मग उठून सांदवाडीतल्या उलट्या पडलेल्या जात्याशी गेली. आम्ही दोघांनी ते सरळ केलं, पाळू बसवली, मूठभर ज्वारी घातली. खुंटा धरून तिनं दोन-तीन फेरे फिरवले. चौथ्या फेऱ्याला ओवी आली, मागोमाग दुसरी, माहेरच्या वाटेची, भावाची. मी लिहायला वही उघडली तेव्हा ती पाचवीवर होती.